तुमच्या पांढऱ्या जीपविषयी

लोहारा, यवतमाळ
१७ डिसेंबर

आदरणीय भाऊजी,

सविनय जयभीम. इकडे सगळे ठीक आहेत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. तुमचा खोकला कसा आहे? कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालात की तो थांबेल असं डॉक्टर म्हणाले होते, पण नलूताई फोनवर बोलते तेव्हा तिच्यापेक्षा तुमचा खोकलाच जास्त ऐकू येतो. ताईच्या बीपीच्या गोळ्या वेळेवर चालू असतीलच (नसतील तर माझं नाव न सांगता तिला रागवा). फोनच केला असता, पण तुम्हाला फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यात ताई फोन स्वतःकडे ओढून घेते. व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही रोज पहाटे कमळाचं चित्र पाठवता, त्याच्याखाली एवढं मोठं रडगाणं गाणं बरं दिसत नाही. म्हणून कागद घेतला. चष्मा लावून, एकटे असाल तेव्हा वाचा.

विषय तुमच्या जीपचा आहे. दसऱ्याला दीक्षाभूमीवरून परतताना तुम्ही आमच्याकडे उतरलात, जेवलात आणि निघताना जीपची किल्ली माझ्या हातात ठेवून स्वतः एसटीनं वणीला गेलात. मोटरसायकलवर किती दिवस हाडं मोडून घेशील, असं म्हणालात. ते उपकार मी विसरलेलो नाही. ममता तर त्या रात्री माझ्या शेजारून तीनदा उठून खिडकीतून जीप जागेवर आहे का ते बघून आली. पण भाऊजी, खरं सांगतो, मोटरसायकल होती तोवर मी सुखी होतो. बावीस वर्षं मी कापसाच्या जिनिंगमध्ये मोटरसायकलवर गेलो आणि बावीस वर्षांत एकानंही माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. माणसाला आणखी काय पाहिजे?

आमच्या जिनिंगमध्ये कोण कशावर येतो याला किती महत्त्व आहे ते तुम्हाला बाहेरून कळायचं नाही. आवारात सायकली भिंतीला, मोटरसायकली निंबाखाली आणि गाड्या टिनाच्या शेडमध्ये, अशी पद्धत आहे. शेडमध्ये पहिल्या खांबाला मॅनेजर साहेबांची गाडी, मग अकाउंटवाल्यांची, मग बाकीच्यांची. कोणी कोणाला सांगत नाही, पण खांब चुकला तर दुपारच्या चहाला त्याच्याशी कोणी बोलत नाही. मी पहिल्या दिवशी जीप घेऊन गेलो तेव्हा खांबाचा विचार करायची वेळच आली नाही. पांढरी जीप, पुढे मोठा बंपर, काचेवर तुमच्या खाणीचा अर्धा खरडलेला पास. गेटवरच्या देवीलालनं मला कडक सलाम ठोकला (मी त्याला रोज तंबाखूचा खर्रा देतो, तरी) आणि आत ऑफिसात पळत जाऊन बातमी दिली, "साहेब, गाडी आली. सरकारी वाटून राह्यली."

पुढची पाच मिनिटं मी जीपमध्ये बसून पाहत होतो, कारण ड्रायव्हरच्या बाजूचं दार आतून उघडत नाही हे मला तोवर माहीत नव्हतं. बायांनी तोंडाला रुमाल बांधले, जे नियमानं रोजच बांधायचे असतात. सात जणांनी खर्रा थुंकला. धूळ खात पडलेली आगीच्या वाळूची बादली कोणीतरी पुढे आणून ठेवली. खुद्द साहेब शर्टाचं वरचं बटण लावत बाहेर आले, मागे एक जण शहाळं घेऊन. त्यांनी अदबीनं जीपचं दार बाहेरून उघडलं आणि आतून मी उतरलो. शहाळं तोवर फोडलेलं होतं. ते कोणी प्यायलं नाही, आणि मला वाटतं साहेबांनी ते शहाळं मला आजवर माफ केलेलं नाही.

त्या दिवसापासून जो तो माझ्याबद्दल मत बनवायला लागला. अकाउंटवाल्यांचं मत पडलं की मी कापूस आणणाऱ्या व्यापाऱ्यांकडून काहीतरी खाल्लं. गठाणी बांधणाऱ्या प्रेसवाल्यांचं मत पडलं की मी नगरपालिकेला उभा राहतो (आपल्यातल्या माणसानं जीप घेतली की लोक पुढचा प्रश्न हाच विचारतात, कोणत्या गटाकडून?). शेडमध्ये साहेबांच्या गाडीजवळ तुमची जीप उभी राहिली की त्यांची गाडी तिचं पिल्लू वाटते, त्याला मी काय करू? मी मुद्दाम शेवटच्या, ऊन येणाऱ्या खांबाला लावायला लागलो, तर मी उन्हात लावून गरिबीचं नाटक करतो असं मत पडलं. बरं, सात जणांची जागा रिकामी कशी न्यायची म्हणून लोहाऱ्याच्या नाक्यावरून आमच्या कामावरच्या बाया घ्यायला लागलो, तर साहेबांनी बोलावून विचारलं की तुम्ही काळीपिवळी चालवता का, आणि भाडं किती घेता. मी म्हटलं, काहीच घेत नाही. त्यावर त्यांचा चेहरा अजूनच कडू झाला. भाडं घेणारा माणूस त्यांना समजला असता.

हे सगळं मी गिळलं असतं. पण याच डिसेंबरात क्वालिटी सुपरवायझरची जागा कायमची भरायची होती. तुम्हाला माहीत आहे, तीन वर्षं ते काम प्रभारी म्हणून मीच पाहतो. कापसात केस, सुतळी, खर्र्याची पन्नी, कोंबडीचं पीस येऊ द्यायचं नाही, एवढंच ते काम, आणि मी ते जीव ओतून करतो. तीन वर्षांत आमच्या एकाही गठाणीची तक्रार आलेली नाही. मला ती जागा हवी होती. फार हवी होती, भाऊजी. नुसतं नावापुढचं 'प्रभारी' जावं, खुर्चीवर बसताना आपल्याला कोणी उठवणार नाही असं वाटावं, एवढ्यासाठी हवी होती. दुसरा उमेदवार डोंगरसिंग. मुलगा चांगला आहे, काम मीच शिकवलं. त्यानं आठ महिन्यांपूर्वी लाल छोटी गाडी घेतली आणि सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं, जो माणूस गाडी अशी जपतो तो कापूसही जपेल. (कापसात प्लास्टिक सापडलं तर आमच्याकडे दिवसाची रोजी कापतात, हे तिथं कोणाला आठवलं नाही. मला आठवलं, पण मी प्रभारी.) साहेबांचं तत्त्वच आहे, गाडी बघितली की माणूस कळतो. मुलाखतीच्या दिवशी आधी शेडमध्ये चक्कर मारणार, मग केबिनमध्ये बसणार, असं त्यांनी जाहीर केलं.

आता माझी चूक सांगतो. तुमची जीप बाहेरून पांढरी आहे, पण आतून ती वणीची आहे. सीटवर बसलं की फोममधून काळा भुगा उठतो. ममता विहारात पांढरी साडी नेसून गेली होती, उठली तर मागून अर्धी साडी राखाडी. साहेब अशा सीटकडे बघून माझ्याबद्दल काय म्हणतील या विचारानं मला चार दिवस जेवण गेलं नाही. घरी धुवावी तर आमच्या नगरात नळ आठवड्यातून एकदा येतो, आणि ते पाणी गाडीवर ओतलं असतं तर ममतानं मला गाडीतच राहायला पाठवलं असतं. म्हणून मुलाखतीच्या दिवशी सकाळी लवकर जिनिंगमध्ये गेलो, मागच्या बाजूला जीप लावली, आग विझवायचा जाड पाइप लावला आणि नळ सोडला. सीटमधून, पायदानातून, दारांच्या पोटातून, कुठून कुठून पाणी आलं. अकरा वर्षांचा वणीचा कोळसा होता तो. मला वाटलं, चार शिंतोड्यांत गाडी निघेल. अर्धा तास झाला तरी पाणी काळंच येत होतं, आणि मी वेड्यासारखा आनंदानं धूत होतो, की निघतंय, निघतंय. माझी पाठ कापसाच्या गंज्यांकडे होती. आवाराचा उतारही तिकडेच आहे, हे मी तीन वर्षं इतरांना शिकवत आलो.

नंदाबाई कामावर आली, तिनं पाहिलं. नंदाबाई आमच्याकडची सगळ्यात जुनी बाई, कापसातला केस दुरून ओळखते. ती ओरडली नाही, जवळ येऊन हळूच म्हणाली, "दादा, तुमच्या गाडीचं पाणी कापसात जाऊन राह्यलं." मी वळून बघितलं. दोन गंज्या, सीझनमधला सगळ्यात चांगला, पहिल्या वेच्याचा कापूस. खालून हातभर काळा झाला होता आणि वर चढत होता.

आमच्याकडे असं काही झालं की क्वालिटी सुपरवायझरनं तक्त्यावर नोंद करायची असते. त्या सकाळपर्यंत तो मीच होतो. मी तक्ता काढला. काय आढळलं? कोळसा. (त्या रकान्यात एकदा माणसाचा दातही आला आहे, पण कोळसा पहिल्यांदा.) कोणामुळे? संघदीप, प्रभारी. काय कारवाई करावी? इथे मी जरा थांबलो, मग लिहिलं, कडक. खाली सही केली. नंदाबाई म्हणत होती की लिहू नका, आम्ही बाया मिळून खालचा कापूस काढून टाकतो, कोणाला कळत नाही. पण भाऊजी, तीन वर्षं मी लोकांची नावं त्या रकान्यात लिहिली. माझं वगळलं असतं तर मला ती जागा मिळूनही मिळाली नसती.

मुलाखत झाली. साहेब शेडमध्ये चक्कर मारून आले तेव्हा तुमची जीप चकाचक होती, हेही सांगायला पाहिजे. मला विचारलं, कापूस दूषित होऊ नये म्हणून काय काय करावं? मी अकरा उपाय सांगितले, एकही चुकला नाही. साहेब म्हणाले की उत्तर उत्तम आहे, तक्ताही उत्तम भरला आहे, इतका स्वच्छ तक्ता त्यांनी आजवर पाहिला नव्हता. मग त्यांनी डोंगरसिंगची निवड केली. डोंगरसिंग बाहेर आला, माझ्याजवळ उभा राहिला. म्हणाला, "दादा, मले खरंच बरं नाही वाटून राह्यलं." मीच त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मला आता गेटवर दिलं आहे. येणाऱ्या गाड्यांची ताडपत्री वर करून बघायची, आत पन्नी-सुतळी दिसली तर परत पाठवायचं. काम वाईट नाही. ऊन असतं. तुमच्या जीपला आवारात बंदी झाली, ती रस्त्याच्या पलीकडे पानटपरीजवळ उभी असते. दिवसभर मी गेटवरून तिच्याकडे आणि ती माझ्याकडे बघते. मला फार वाईट वाटतं, भाऊजी. कोणावर रागावावं तेही कळत नाही. साहेबांनी गाडीवरून माणूस ओळखायचा म्हटलं तेव्हा मी मनात हसलो होतो, आणि शेवटी गाडी धुवायला मीच गेलो.

ताईला जयभीम. प्रकृती सांभाळा, थंडीत पहाटे फिरायला जाऊ नका.

आपला,
संघदीप

ता.क. पत्र लिहायचं खरं कारण राहून गेलं. घरी मी जागा मिळाली असं सांगितलं आहे. सांगायचं नव्हतं, पण दार उघडून ममतानं 'झालं का?' असं विचारलं आणि माझ्या तोंडून 'झालं' निघून गेलं. तिनं दुसऱ्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. आता ती जीप दिवसभर रस्त्यावर दिसते, आज ना उद्या तिला कोणीतरी विचारणारच की सुपरवायझरची गाडी बाहेर का उभी असते. तर तुम्ही ममताला फोन करून जीप परत मागा. कारण काहीही सांगा, सगळा दोष तुमच्यावर घ्या. मोटरसायकल निंबाखाली कोणाला दिसत नाही.

ता.क. २. यातलं ताईला काही सांगू नका. ताईला सांगितलं तर माझ्याआधी ममताला कळेल.

ता.क. ३. जीप मागताना फार जोर लावू नका. ममता रविवारी तिच्यात पुढे बसून आर्णी रोडपर्यंत जाऊन येते. पंधरा दिवसांनी मागितलीत तरी चालेल. गाडी तशी चांगली आहे.

भाऊजी, जयभीम. मी ममता लिहिते आहे. हे पाकीट धुवायच्या शर्टाच्या खिशात सापडलं. चार दिवस यांनी ते पोस्टात टाकलं नाही, म्हणून मीच टाकते. पेढे मी वाटले त्याच संध्याकाळी डोंगरसिंगची बायको पेढे घेऊन आमच्या दारी आली. एका जागेचे दोन पेढे होत नाहीत एवढं मला कळतं. मी तिला चहा दिला आणि तिच्याकडून वचन घेतलं की हे इथंच राहील. पण तुम्ही जीप मागू नका आणि यांना काही कळू देऊ नका. रोज संध्याकाळी घरी आले की सुपरवायझर म्हणून दिवसभर काय काय केलं, कोणाला रागावले, कोणाला माफ केलं, ते हे मला तासभर सांगतात. मी भाकरी करता करता ऐकते. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, हे घरी एवढं कधीच बोलले नव्हते. तुम्ही उत्तर लिहाल त्यात यांचं अभिनंदन लिहा, मोठ्या अक्षरात लिहा. हे मला वाचून दाखवतील.