घंटेच्या तारेवर सोवळं

नाशिक, गुरुवार, चैत्र, सन १९३६

पंचवटीच्या धर्मशाळेत मी आगीची घंटा बसवून आठवडा होत नाही, तोच आज तपासणीला बटण दाबलं तर वाजेना. वर पाहिलं, तर घंटेच्या तारेवर ओलं लुगडं. तार लोंबून जोडातून सुटलेली.

स्वयंपाकीण काकू म्हणाल्या, "उंच आहे, कुणाचा हात लागत नाही. मला वाटलं, सोवळं वाळत घालायलाच बांधलीय." काठीने घातलं होतं, रोजच्यासारखं. आता यात त्यांची काय चूक?

धर्मशाळेच्या दिवाणजींना निमित्तच हवं होतं. "मी आधीच म्हटलं होतं, घंटेची तार दिव्यांच्या तारांबरोबर एकाच लाकडी पट्टीत टाका." पुन्हा तेच. मी पुन्हा समजावलं, दिव्याची तार पेटली की शेजारची घंटेची तारही जळणार, आणि माडीवरचे यात्रेकरू झोपलेलेच राहणार. किती वेळा सांगायचं?

काकू ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे तिलाही सोवळं आहे. दिव्याच्या तारेला शिवायचं नाही."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? दिवाणजींनी मात्र पट्टीचा विषयच सोडला. आगीला न भिणारा माणूस विटाळाला भ्याला.

काकूंना पलीकडच्या भिंतीशी बांबूची दांडी टांगून दिली. जोड नीट केला, घंटा वाजली. निघताना तार ताणून बघायला पुन्हा शिडी चढलो, तर काकू खालून म्हणाल्या, "अहो, ओवळ्याने शिवू नका तिला."

आता दर तपासणीआधी गंगेवर बुडी मारणं आलं.