सोमवारची खिचडी आणि पुण्याची बदली

कोलकाता,
रविवार

तीर्थरूप सुलभाआत्यास,

उन्मेषचा साष्टांग नमस्कार (फरशी गार आहे म्हणून दोनदा). तुझे गुडघे कसे आहेत? उगाच जिने चढू नकोस. आम्ही इथे मजेत आहोत, आणि घोटाळा नेमका तिथेच झालाय.

पुण्याला बदली हवी तर सोळा सोमवार कर, असं तूच म्हणाली होतीस. लगेच धरले. पहिल्या सोमवारी बँकेत डबा उघडला, तर साबुदाण्याची खिचडी बघून अख्खी शाखा गोळा झाली. इथे साबुदाणा म्हणजे आजाऱ्याचं जेवण! आमचे हेड कॅशियर बरुणदा "ओ मा! पेट खाराप?" म्हणत धावले, माझी रांग त्यांनी स्वतःच्या खिडकीकडे वळवली आणि मला पंख्याखाली बसवलं. आणि रांग सोमवारची, आत्या! लोक रविवारभर साठवलेली भांडणं घेऊन येतात. मी मुकाट्याने पोट धरून बसलो.

पुढच्या सोमवारी बरुणदांनीच खिचडी मागितली. इथे रविवारी घरोघरी मटण, त्यामुळे सोमवारी सगळी शाखा पोटावर हात ठेवूनच कामाला लागते. त्यांनी दोन घास खाल्ले आणि दुपारपर्यंत चक्क गुणगुणायला लागले. (चैत्रालीच्या खिचडीला इथे आल्यापासून जरा निराळीच चव येते. पाण्याचा गुण असावा.) तेव्हापासून मी सोमवारी डबा नाही, पातेलं नेतो! एस्प्लनेडला बसमधून उतरलो की लिंबू-चहावालाही आधी पातेल्याकडे बघतो. त्याचा सोमवार एकदम तेजीत. साहेबलोकांची तोंडं वाकडी असली की चहा जास्त खपतो म्हणे. सियालदहला भाजी घेऊन उतरणाऱ्या बायकांना सोमवार काय नि गुरुवार काय, टोपली तेवढीच जड. आमची चैत्राली खिदिरपूरला कस्टममध्ये. जहाज रविवारीच येऊन थांबलेलं असतं, म्हणून तिचा सोमवार उजाडण्याआधीच निम्मा वापरून झालेला असतो. एवढ्या मोठ्या शहरात सोमवार कधी येतो म्हणून उड्या मारणारा मी एकटाच! पुण्यात तू तोंडावर पाणी मारून मला उठवायचीस, आठवतं ना?

तर शुक्रवारी मुख्य कार्यालयातून विचारणा आली. पुण्यात जागा आहे, येता का? महिनाअखेरीपर्यंत हो-नाही कळवायचंय. आत्या, मला नाही जायचं. पण मीच मागितलं, आणि शंकर द्यायला दारात आलाय, तर आता त्याच्या तोंडावर दार कसं लावू?

तुझा,
उन्मेष

ता. क. – उद्यापनाच्या आधी मागणं बदलता येतं का? गुरुजींना विचार (माझं नाव न घेता).

ता. क. २ – बाबांना यातलं काही बोलू नकोस. त्यांनी माझ्यासाठी पलंगसुद्धा घेऊन ठेवलाय.

ता. क. ३ – आत्या, चैत्रालीचा नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. गुरुजींना त्रास देऊ नका. ती चव पाण्याची नाही, हिंगाची आहे. उपासाला हिंग चालत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच पहिल्या सोमवारपासून घालते आहे. मलाही इथून जायचं नव्हतं. म्हणजे यांचं मागणं वर पोचलेलंच नाही. यांना फक्त एवढंच कळवा, की देवाची काही हरकत नाही. हिंगाचं मात्र बोलू नका. बरुणदांचं पोट त्यावरच चाललंय, आणि उद्या पुन्हा पातेलं न्यायचंय.