गाढवमोडीचा उतार

रविवार, २० ऑगस्ट. दुपारी १.

नोटरीच्या कचेरीत छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या नोंदी लिहिल्या. आता स्वतःच्या. ही वही कोणी वाचणार नाही, तेव्हा खरं तेच लिहीन.

आज क्लबची फेरी. ४३ किलोमीटर. चढ सगळ्यांच्या बरोबरीने चढलो. (रेजिस सोडून. तो कौलं शाकारणारा माणूस, त्याला उंचीचं काही वाटतच नाही.) वर चॅपेलपाशी नेहमीप्रमाणे थांबलो आणि दारावर कोरलेल्या बाराव्या शतकातल्या राक्षसाबद्दल चार शब्द बोललो. दुसऱ्याच शब्दाला सगळे उतारावर पसार. मग मी सायकल हातात धरून शांतपणे पायी उतरलो.

नोंद: गाढवमोडीचा उतार मी अकरा वर्षं पायी उतरतो आहे. घाबरून नव्हे. सायकलवरून इतिहासाचा अभ्यास होत नाही. अडीच किलोमीटर, तीन वळणं. दुसऱ्या वळणाला कठडा नाही आणि खाली थेट नदी. अशा जागी सावकाश निरीक्षण करणं सुशिक्षित माणसाला शोभतं. तिसरं वळण संपलं की सायकलवर बसतो आणि पुलापाशीच्या बेकरीसमोर करकचून ब्रेक दाबतो. एव्हाना बाकीच्यांची दुसरी कॉफी चालू असते. आज रेजिसने विचारलं, काय रे एव्हारिस्त, वाटेत लग्न-बिग्न लागलं की काय? मी म्हणालो, जुना कबुतरखाना पाहत होतो. जे खरंच आहे.

एकच त्रास. सायकलच्या बुटांच्या तळाला पेडलमध्ये अडकणारी खुंटी असते, ती डांबरावर खट् खट् वाजते. पण ऐकणार कोण? वाटेत घर एकच, दुसऱ्या वळणावरचं, पेरिगाल बाईंचं. आणि बाईंना दोन वर्षांपासून काही दिसत नाही.

गुरुवार, २४ ऑगस्ट.

पेरिगाल बाईंनी बोलावणं पाठवलं. बाईंनी मला दुसरीत शिकवलं, बाईंनीच हा सायकल क्लब काढला. वय एक्याऐंशी. गेल्यावर म्हणाल्या, बस, आणि पाय हलवू नकोस. मी पाय हलवतच होतो.

मग सांगितलं की जुन्या वास्तू सगळ्यांना खुल्या असतात त्या वारसा-दिनाच्या रविवारी, १७ सप्टेंबरला, त्यांना चॅपेलपासून पुलापर्यंत उतरायचंय. सायकलवर. डोळे गेले पण गाल आहेत अजून, म्हणाल्या, त्यांना एकदा वारा लागू दे. त्यांची आणि त्यांच्या दिवंगत यजमानांची दोघांची टँडेम सायकल गोठ्यात आहे, रेजिस ती तेलपाणी करून देणार. मागे बाई. पुढे हँडल धरायला मी.

मी विचारलं, रेजिस का नको? म्हणाल्या, त्याने खांद्याचं हाड दोनदा मोडून घेतलंय. मला तूच हवास. का, तर नुसत्या हसल्या.

कारण उघड आहे. तरुणपणी पिरेनीजच्या घाटात मी ताशी ऐंशीने उतरलो होतो ही हकिगत बाईंच्या कानावर गेली असणार. हकिगत खरी आहे. मी बसमध्ये होतो एवढाच तपशील मी सहसा सांगत नाही.

हो म्हणालो. बाईंना नाही म्हणायची आमच्या गावात पद्धत नाही. घरी आल्यावर कॉफीचा कप बशीवर वाजायला लागला. कप जुना आहे.

शुक्रवार, २५ ऑगस्ट.

संकल्प. रोज शंभर मीटर सायकलवरून उतरायचं, बाकीचं पायी. पंचवीस दिवसांत अडीच किलोमीटर. गणित चोख आहे. दिवस तेवीसच आहेत, पण शेवटी माणसाचा वेग वाढतोच.

सोमवार, २८ ऑगस्ट.

शंभर मीटर जमले नाहीत. चाळीस. दोन्ही ब्रेक दाबून, एक पाय जमिनीला लावून. बायको, मारिव्हॉन, चॅपेलच्या फाटकातून पाहत होती. म्हणाली, तू उतरतोयस की उताराशी वाटाघाटी करतोयस?

तिला तंत्र कळत नाही.

बुधवार, ३० ऑगस्ट.

उपाय सापडला. मेयरच्या कचेरीला सविस्तर पत्र लिहिलं: गाढवमोडीवर खडी सुटली आहे, दुसऱ्या वळणावर डांबर उखडलं आहे, सार्वजनिक सुरक्षेचा विचार करता वारसा-दिनी हा रस्ता बंद ठेवावा. चार पानं. नकाशा जोडला. बाईंना सांगेन, माझी तर फार इच्छा होती, पण सरकारी हुकूम.

आमच्या मेयरच्या कचेरीने चर्चसमोरचा खड्डा बुजवायला सात वर्षं घेतली. आज बरेच दिवसांनी झोप लागेल.

मंगळवार, ५ सप्टेंबर.

कळत नाही लोकांना काय झालंय. तीन दिवसांत रस्ता नवा केला. वरपासून खालपर्यंत काळंभोर डांबर, आरशासारखं गुळगुळीत. मेयर भर बाजारात माझा हात हातात घेऊन म्हणाले, असा जागरूक नागरिक हवा. रेजिस म्हणाला, आता लोणी लावल्यासारखी घसरेल टँडेम, एव्हारिस्त, शाबास!

जेवलो नाही. मारिव्हॉनने बदकाची तंगडी केली होती. मी बदकाची तंगडी नाकारली हे ऐकून तिची बहीण फोनवर विचारत होती, डॉक्टरला दाखवलं का?

सूचना चांगली आहे.

गुरुवार, ७ सप्टेंबर.

डॉक्टरकडे गेलो. सायकल चालवायला अपात्र असं सर्टिफिकेट मिळालं की प्रश्न मिटला. गुडघा, कंबर, छातीतली धडधड, सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, दोन जिने चढ-उतार करायला लावला. मग म्हणाल्या, तुमचं हृदय तट्टाचं आहे. धडधड कधी होते? मी म्हणालो, उतार दिसला की. त्यांनी लिहायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, याला औषध नाही.

सर्टिफिकेट दिलं. पूर्ण तंदुरुस्त, शिक्क्यासह. मारिव्हॉनने फ्रिजवर चिकटवलं आहे.

रविवार, १० सप्टेंबर.

आज जे झालं ते लिहू नये असं वाटतं. पण खरं लिहायचं ठरलं आहे.

मारिव्हॉनला मागे बसवून नदीकाठच्या सपाट रस्त्याने टँडेमचा सराव. छान चाललं होतं. म्हटलं, बघ, यात काय अवघड आहे! शिकारीचा हंगाम आजच उघडला होता हे मी विसरलो. पलीकडच्या रानात बंदुकीचा बार झाला आणि मी उडी मारली.

म्हणजे मी उतरलो. मारिव्हॉन नाही उतरली. ती मागच्या सीटवर बसून, पुढे कोणीही नसलेल्या सायकलीवर, वीस-पंचवीस मीटर गेली आणि काटेरी झुडपात शिरली. हातापायांवर ओरखडे. घरी आलो. आयोडीन लावताना म्हणाली, आज मागे मी होते आणि पुढे झुडूप होतं, एव्हारिस्त. त्या वळणावर बाई असतील आणि खाली नदी असेल.

दिवसभर हेच वाक्य डोक्यात फिरतंय. दक्षता, अभ्यास, तंत्र, काही म्हणा. मी भितो. फार भितो. आणि पडण्यापेक्षाही मला याची भीती वाटते की ऐन वेळी मी उडी मारीन आणि त्या म्हातारीला एकटीला खाली जाऊ देईन.

शनिवार, १६ सप्टेंबर. सकाळी ११.

ठरवलं. बाईंकडे जाऊन सांगून टाकायचं. वाक्य आरशासमोर तीनदा म्हटलं: बाई, मला जमणार नाही.

दुपारी ४.

गेलो होतो. दार उघडंच होतं. बाईंनी क्लबची जुनी पिवळी जर्सी इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर घातली होती. नुसत्या हाताच्या अंदाजाने, त्यामुळे एका बाहीवर इस्त्रीचा डाग. अक्रोडाचा केक केला होता, उद्या पुलावर सगळ्यांना द्यायला. स्वयंपाकघराच्या स्टुलावर बसून पेडल मारायचा सराव करत होत्या. मला म्हणाल्या, तीन रात्री झोप नाही बघ मला, सहलीच्या आदल्या दिवशी पोरांना नसते ना, तशी.

मी म्हणालो, बाई, मला... त्या म्हणाल्या, काय? मी म्हणालो, मला केकचा वास आवडला.

कडेचा तुकडा दिला.

रविवार, १७ सप्टेंबर. सकाळी ६.

पाऊस नाही. धुकं नाही. वारा नाही. आभाळ इतकं स्वच्छ की संताप येतो.

दुपारी ३.

ओळी वाकड्या जातायत. अक्षर वाचता आलं तर वाचीन.

बाईंना गाडीने वर आणलं होतं. चॅपेलपाशी वारसा-दिनाची गर्दी. फेरीच्या कार्डावर, ज्यावर प्रत्येक थांब्याचा शिक्का घ्यायचा असतो, पहिला शिक्का घेतला. मी दारावरच्या राक्षसाबद्दल बोलायला सुरुवात केली. सहाव्या शतकापासून. वीस मिनिटांनी बाई म्हणाल्या, एव्हारिस्त, राक्षस आठशे वर्षं तिथेच आहे, उद्याही असेल. बस.

बसलो. मारिव्हॉनने हेल्मेटचा पट्टा आवळला आणि कानात म्हणाली, उडी मारलीस तर घरी येऊ नकोस.

निघालो. नवं डांबर. मी दोन्ही ब्रेक दाबले तरी ती दुप्पट वजनाची सायकल पळतच होती. पहिलं वळण कसं गेलं आठवत नाही. मग दुसरं. कठडा नाही, खाली पाणी चकाकतंय, आणि पाय पेडलमधून आपोआप सुटायला लागला. तो मी परत दाबून ठेवला. त्या बदल्यात डोळे मिटले.

मागून आवाज आला, डोळे उघड.

उघडले. बाईंना कसं कळलं? त्या म्हणाल्या, तुझा श्वास थांबला. मी शुद्धलेखन घालताना अवघड शब्द आला की तू असाच श्वास कोंडून डोळे मिटायचास. आता डावीकडे घे, माझ्या अंगणातला नळ गळतोय तो ऐकू येतोय, म्हणजे वळण आलं. घेतलं डावीकडे. मग म्हणाल्या, अकरा वर्षं दर रविवारी तू इथून चालत जातोस. तुझे बूट वाजले की मी कॉफी ठेवते.

मी हँडल आणखी घट्ट धरलं. त्या बोलतच होत्या. म्हणे, रेजिसला हे वळण माहीत नाही, तो चार सेकंदांत इथून जातो. तुला इथला खडान्‌खडा ठाऊक आहे. ज्याला भीतीच वाटत नाही त्याच्या मागे कोण बसेल? मला अजून दहा वर्षं जगायचंय.

जरा वेळाने पाठीवर टकटक केली. म्हणाल्या, आता ब्रेक थोडे सोड, वारा लागत नाहीये.

सोडले. सगळे नाही. थोडे. तिसऱ्या वळणानंतरचा सरळ रस्ता आला आणि वारा कानात शिरला. मागे बाई ओरडत होत्या. मला वाटलं भ्यायल्या, पण त्या हसत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा गाढवमोड मी सायकलवरून उतरत होतो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाऱ्यामुळे.

बेकरीवाल्याने कार्डावर दुसरा शिक्का मारला. बाईंनी त्याला कार्डामागे एक ओळ लिहायला सांगितली, शाळेतल्यासारखी: "वीसपैकी अकरा. फार ब्रेक. पण पळाला नाही." बाईंनी उभ्या जन्मात कुणाला चौदाच्या वर मार्क दिले नाहीत.

स्पीड साधारण बावन्न असावा.

सोमवार, १८ सप्टेंबर.

टँडेमवरचा मीटर पाहिला. सर्वाधिक स्पीड १९. मीटर जुना आहे.

पण माणूस बदलला आहे. सकाळी आरशात पाहिलं, जबडासुद्धा वेगळा दिसतो. संकल्प: यापुढे गाढवमोड फक्त सायकलवरून. पुढच्या उन्हाळ्यात आल्प्स. मारिव्हॉनला सांगितलं. ती म्हणाली, आधी माझे ओरखडे भरू देत.

शुक्रवार, २२ सप्टेंबर.

बाईंचा निरोप: दर रविवारी उतरायचं का?

गुडघ्यात चमक आहे असं कळवलं. आहेही थोडी.

रविवार, २४ सप्टेंबर. दुपारी १.

सकाळी दंव होतं. ओल्या रस्त्यावर एकट्याने उतरणं बेजबाबदारपणाचं झालं असतं. शिवाय चॅपेलच्या मागच्या भिंतीचा अभ्यास बाकी होता. सगळे गेल्यावर पायी निघालो. दुसऱ्या वळणाच्या आधी बूट काढून गळ्यात अडकवले आणि मोज्यांवर, पाऊल न वाजवता, बाईंच्या खिडकीखालून चाललो.

सायकल ढकलताना मागचं चाक टिकटिक वाजतं हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

खिडकी उघडली. बाई म्हणाल्या, बूट घाल, एव्हारिस्त, सर्दी होईल. कॉफी तयार आहे. आणि पुढच्या रविवारी नऊ वाजता, गुडघ्यासकट.

बूट घातले.