मोटारखान्याचं दार

खामगाव

दादास कोकिळेचा नमस्कार.

गेल्या आठवड्यात एके सकाळी पाणी भरून मी भाकरी थापत होते, तेवढ्यात मोटारीचा भोंगा वाजला. पिठाच्या हातांनीच धावले, तर मोटारखान्याचं दार आपोआप सरकत होतं! हे गेल्यापासून त्यांच्या जागी मालकांची मोटार शकूर चालवतो. त्याने कप्पीवरून दोरी नेऊन वजन बांधलंय. मोटारीतूनच दोरी ओढली की दार उघडतं.

"आता तुमाले धावाचं काम नाही, बाई," तो हसला.

मला हसू आलं नाही. दार उघडायच्या कामापायीच मोटारखान्यामागची ही खोली मला राहायला दिली होती. तडक मालकीणबाईंकडे गेले. "दार उघडाले दोरी आली. खोली खाली करू काय?"

"काऊन वं? दोरी काय भाकरी टाकते? उद्यापासून सैपाकाले ये. खोली तुहीच."

मग मीही दोरी ओढून पाहिली. मोठी गंमत आहे! पण भोंगा वाजला की पाय अजून उठतात.

आईचा गुडघा कसा आहे? तिला हे वाचून दाखव. मला न्यायला येतो म्हणून लिहिलं होतंस, ती तसदी घेऊ नकोस.

बाईंशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी माझी खोली पांढऱ्या मातीने पोतारून काढली.

तुझी कोकिळा