अण्णांच्या राजाची उडी

केडगाव, गुरुवार, १९ ऑगस्ट १९९९

आज पुन्हा हरले, आणि पुन्हा त्याच चुकीने. नगरच्या सायबर कॅफेत पाच मिनिटांचा डाव होता, समोर कुणीतरी परदेशी. एक हत्ती जास्त होता माझा. शेवटची काही सेकंदं उरली, माझ्यावर मात होईलसं दिसलं, आणि मी राजाला घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारायला लावली. कॉम्प्युटरने राजा परत जागेवर ठेवला. मी पुन्हा तेच केलं! वेळ संपली.

अण्णांनी मला लहानपणी देशी बुद्धिबळ शिकवलं. त्यात शह बसण्याआधी राजाला एकदा ती उडी असते. सावकाश खेळताना मी नवे नियम विसरत नाही. घाई झाली की हात जुनंच खेळतो. सरावाने जाईल का हे?

घरी आले तर अण्णा म्हणाले, "जितलीस व्हय गं?"

"तुम्ही चुकीचं शिकवलंत, म्हणून हरले. जगात कुणाचाच राजा उडत नाही."

"आमी तर लहानपणापासून असंच खेळतो. मग मला बी शिकव की तुझं," म्हणत त्यांनी पट मांडला.

मला वेळ नाही, मी म्हणाले आणि आत गेले. असं का बोलले मी?

मग शेजारचे तात्या येऊन त्या पटाशी बसले. त्यांनी राजा उडवला, तर अण्णांनी त्यांचा हात धरला. "तसं चालत न्हाई आता. माझी पोरगी ग्रॅज्युएट हाय, तिला म्हाईत."

दोन्ही खेळ खरे आहेत, एवढंच बाहेर जाऊन सांगायचं होतं. मी दारामागेच उभी राहिले.