इमर्जन्सीचा डबा

३ फेब्रुवारी, दुपारी चार
आजपासून रोज लिहायचं. मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. जे लिहिलं जात नाही ते सुधारत नाही, असं त्यात सांगितलं. सांगणारा टाय घालून होता. त्याचं स्वतःचं हॉटेल कुठं आहे ते मात्र सांगितलं नाही.
विषय: खानावळीत वाया जाणारं अन्न. आज बादलीभर आमटी-भात आणि भाकरीची अख्खी चवड प्रभू गवळ्याच्या म्हशीला गेली. प्रभू म्हणाला, मालक, म्हस लई खूश हाय तुमच्यावर. पूर्वी तो बादली मागायला यायचा. आता आम्हीच त्याला फोन करतो.
कारण शोधलं. कारण गिऱ्हाईक. लोकांना खायची शिस्त राहिलेली नाही.
संकल्प: महिनाअखेर झीरो वेस्ट. सोलापूरच्या बाळीवेशीत अशी पहिली खानावळ आपली.

४ फेब्रुवारी
निंगव्वा सकाळी म्हणाली, मालक, पीठ कमी मळू की, लई उरतंय वो. ही बाई डिसेंबरात अक्कलकोटकडून कामाला आली. भाकरी चांगली थापते, पण धंद्यातलं कळत नाही. तिला सांगितलं, परात भरून पीठ मळायचं. महानंदा होती तेव्हा हीच परात रोज भरायची आणि रोज संपायची. परात तीच आहे.
व्हिडिओत म्हटलंय की पार्श्वभूमीही लिहावी. तर, महानंदा म्हणजे माझी बायको. दिवाळीनंतर लिंगैक्य झाली. ताप आला आणि आठवड्यात गेली. तो विषय संपला. मी प्रॅक्टिकल माणूस आहे. दिवस झाल्याबरोबर खानावळ उघडली. लोक म्हणाले, संगप्पा धीराचा.

६ फेब्रुवारी
पाटी लावली. 'ताटात टाकल्यास दंड.' पेंटर चांगला आहे, दंड लाल रंगात काढला.
पहिलेच सापडले वीरभद्रप्पा. कापडाचे व्यापारी, माझ्या लग्नाआधीपासून दुपारी इथंच जेवतात. कवळी आहे, भाकरीचे काठ चावता येत नाहीत म्हणून ठेवतात. दंड मागितला. ते म्हणाले, संगप्पा, मी साकु साकु, पुरे पुरे म्हणत ताटावर हात धरला हुता, तू माझ्या हातावरनं आमटी वतलीस. हात दाखवला. पिवळा झाला होता.
आग्रह हा आपल्या खानावळीचा ब्रँड आहे. महानंदा आग्रह करायची तेव्हा लोक एक भाकरी जास्त खायचे. मी करतो तेव्हा ताटात ठेवतात. म्हणजे दोष आग्रहात नाही, लोकांत आहे.
दंड माफ केला. हात पुसायला फडकं दिलं.

९ फेब्रुवारी, रविवार
श्रीशैल आला होता. मुलगा. चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर आहे, तिकडंच खोली घेतली आहे. म्हणाला, आप्पा, आई गेल्यापास्नं गिऱ्हाईक निम्मं झालंय आन् पीठ तेवढंच. सरळ हाय की.
त्याला समजावलं की तू नट-बोल्टमधला, फूड इंडस्ट्री वेगळी असते.
जेवून जा म्हटलं. भूक न्हाय म्हणाला. आई गेल्यापासून तो इथं जेवतच नाही. कंपनीचं कँटीन चांगलं असावं.

१२ फेब्रुवारी
निंगव्वाने फळ्या पुसताना वरचा पत्र्याचा डबा काढला. ह्यात काय हाय म्हणाली. आहे तिथं ठेव म्हणालो. आवाज जरा चढला असावा, कारण तिचं फडकं खाली पडलं.
डब्यात कडक भाकऱ्या आहेत. महानंदाने ताप यायच्या आदल्या दिवशी केलेल्या. पापडासारख्या पातळ. चुलीच्या आचेवर उभ्या करून वाळवल्या की महिनोन् महिने टिकतात. निंगव्वाला एवढं सांगत बसलो नाही. म्हटलं, तो इमर्जन्सी स्टॉक आहे. अडचणीच्या वेळेला लागतो. मोठ्या हॉटेलांत असा असतो. यात भावनेचा प्रश्न नाही.
मधूनमधून झाकण काढून बघतो. क्वालिटी चेक.

१५ फेब्रुवारी
जबरदस्त आयडिया. उरलेल्या भाकऱ्या टाकायच्याच कशाला? गच्चीवर वाळवायच्या आणि कडक भाकरी म्हणून वाढायच्या. आख्ख्या सोलापुरात हे कुणाला सुचलं नाही.
निंगव्वा म्हणाली, मालक, कडक करायची म्हंजे पैल्यापास्नं पातळ थापावी लागती. ही जाड हाय. ही कडक व्हत न्हाय, दगड व्हती.
नवीन गोष्टीला विरोध होतोच. व्हिडिओत हेही आहे.

१८ फेब्रुवारी
वीरभद्रप्पांची कवळी तुटली. पहिल्याच घासाला. बोलत होते, पण दाताशिवाय काय म्हणतात ते नीट कळलं नाही. मला अंदाज आला.
गच्चीवरच्या बाकीच्या भाकऱ्या प्रभूला दिल्या. त्याने भिजत घातल्या. संध्याकाळपर्यंत म्हशीने तोंड लावलं नाही म्हणे. जनावरालाही नखरे सुचायला लागले आहेत.

२० फेब्रुवारी
पोर्शन कंट्रोल चालू केला. आमटीला लहान पळी आणली. लोक लहान पळीने चार वेळा मागतात आणि चौथी ताटात टाकतात.
पळी बदलली. जुनीच परत काढली. तिचा दांडा महानंदाच्या बाजूने झिजलेला आहे. ती डावखुरी होती. मला धरायला अवघड जाते, पण सवय होईल.

२५ फेब्रुवारी
उद्या महाशिवरात्र. निंगव्वा म्हणाली, उद्या परात नगं भरायला. भरायची, म्हणालो. बाहेरगावची माणसं दर्शनाला येतात, त्यांना भूक लागते. सणाला गर्दी असतेच. दाण्याच्या कुटाची शेंगाभाजी जादा टाकायला सांगितली.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
सगळ्यांचा उपवास.
माझाही होता.
प्रभू दोन बादल्या घेऊन गेला. तिसरी नको म्हणाला. म्हस आजारी पडंल, मालक.

२८ फेब्रुवारी
महिना संपला. झीरो वेस्टची मुदत मार्चअखेरपर्यंत वाढवली. फेब्रुवारी मुळातच लहान महिना.

५ मार्च
मानाची गोष्ट. पेठेतल्या व्यापारी मंडळाची सोमवारी बैठक आहे, त्यात 'अन्नाची नासाडी' या विषयावर बोलायला मला बोलावलं आहे. वीरभद्रप्पा मंडळावर आहेत. नवी कवळी बसली आहे. म्हणाले, दुसरा कोण तयार न्हाय, तू बोल. आणि बैठक झाली की दोघं-तिघं सभासद तुझी खानावळ बघायला येतील.
म्हणजे माझं काम लोकांपर्यंत पोचलेलं आहे.

९ मार्च, रविवार
भाषण पाठ केलं. आरशासमोर म्हणून पाहिलं. मागं महानंदाचा फोटो आरशात दिसत होता. फोटो नसता तर जास्त चांगलं म्हणता आलं असतं.
निंगव्वाला सूचना दिली: उद्या पाहुणे बघायला येणार, बादली कोरडी दिसली पाहिजे. एक कण वाया जाता कामा नये. मी नसताना तू बघायचं.
ती म्हणाली, बघते. चेहऱ्यावर जरा आनंद दिसला. जबाबदारी दिली की माणूस फुलतो.

१० मार्च, संध्याकाळी सहा
क्रमाने लिहितो.
भाषण झालं. बरं झालं. टाळ्या वाजल्या. नंतर जेवण होतं, बुफे. जिलेबी, दोन भाज्या, पुलाव. लोक भरून घेत होते आणि निम्मं टाकत होते. पिंप भरलं. मी पाहुणा, काय बोलणार? मीही पुलाव टाकला. मीठ नव्हतं त्यात.
वीरभद्रप्पांबरोबर खानावळीत आलो. सभासद आले नाहीत, जेवून सुस्तावले.
दारातूनच पाहिलं, खानावळ भरलेली. दिवाळीपासून इतकी माणसं बसलेली पाहिली नव्हती. श्रीशैलच्या कंपनीचं कँटीन आज बंद होतं, तो शिफ्टच्या सगळ्या माणसांना घेऊन आला होता. माणसं आमटीत काहीतरी चुरून खात होती. कुणी मान वर करत नव्हतं.
प्रभू बादली घेऊन दारात उभा होता. म्हणाला, मालक, आज कायबी न्हाय की. म्हशीला काय घालू?
मी निंगव्वाकडे गेलो. ती खुशीत होती. म्हणाली, तुमी नव्हता म्हणून दळणच निम्मं आणलं, निम्मंच मळलं, वाया नगं जायला. आन् ही एवढी माणसं आली की. भाकरी संपली, पीठबी न्हाय. मंग इमर्जन्सीचा डबा काढला. तुमीच म्हणाला हुता, अडचणीला लागतो. मालक, लई पुरल्या.
डबा ओट्यावर होता. झाकण बाजूला. तळाशी चुरासुद्धा नव्हता, तोही कुणीतरी आमटीत घेतला होता.
मीच सांगितलं होतं.
वीरभद्रप्पा डबा बघून खुर्चीवर बसले. त्यांना माहीत असावं.
श्रीशैल कोपऱ्यातल्या टेबलावर एकटाच बसून राहिला होता. माणसं हात धुऊन निघाली तरी उठला नाही. म्हणाला, आप्पा, पैल्या घासालाच कळलं मला. आईच्या हुत्या. तुमी ठेवलेल्या, मला का न्हाय सांगितलं?
मी म्हणालो, स्टॉक होता.
तो म्हणाला, मी दोन खाल्ल्या.
त्याच्या ताटात चतकोर भाकरी उरलेली होती. आमटी न लावता काठावर ठेवलेली. म्हणाला, ही तुमाला ठेवली.
ताट माझ्यापुढं सरकवलं. भिंतीवर पाटी होती. दंड लाल रंगात.
मी उभ्यानेच खाल्ली. चटणी घेतली नाही. खाताना आवाज फार होतो तिचा. आवाज बंद होईपर्यंत श्रीशैल बघत होता.
मला वाटलं होतं, हा डबा संपेल तेव्हा मला रडू येईल. नाही आलं. हात धुतले, टेबल पुसलं. अजूनही काही वाटत नाही. दिवाळीपासूनच असं आहे, हे आज पहिल्यांदा लिहितोय.
झीरो वेस्टचं टार्गेट मुदतीच्या आत पूर्ण.

११ मार्च
निंगव्वाने सकाळी विचारलं, पीठ किती मळू. निम्मी परात, म्हणालो. तिने परत विचारलं, तिला वाटलं चुकून बोललो.
भाकऱ्या पुरल्या. दोन उरल्या, त्या मी आणि तिने खाल्ल्या. प्रभूला फोन केला नाही.
श्रीशैलचा फोन आला होता. रविवारी जेवायला येतो म्हणाला.
निंगव्वाने डबा घासून, उन्हात वाळवून आणला. म्हणाली, ह्यात आता काय भरू, मालक? शेंगा भरू का?
काही भरू नको, म्हणालो. वरच्या फळीवर ठेव. रिकामाच असू दे, इमर्जन्सीला लागतो.