मंडपाचा विमा

मंगळवार, दिवेलागण

दिंडोरीच्या लॉन्सवाल्यांचं आता हे नवीनच. मंडपात पाहुण्यांना काही झालं तर भरपाई देणारा विमा काढा, नाहीतर मंडपाचं काम दुसऱ्याला. लग्न दहा दिवसांवर आलंय, म्हणजे काढणं आलंच.

एजंटने हप्ता सांगितला आणि ह्यांनी हिशोबाची वही काढली. एका लग्नाची कमाई त्यातच जाणार. वर फॉर्मवर प्रश्न, आधी कोणाला इजा झालीय का?

मला कमलमावशींचा गुडघाच दिसला. मागच्या वर्षी एका लग्नात आमच्या मंडपाच्या दोरीत पाय अडकून पडल्या. दवाखान्यात मात्र त्यांनी सांगितलं, घरात पाय घसरला. साडी-नारळ घेऊन भेटायला गेलो तर म्हणाल्या, "तुमच्या धंद्याला कशाला बट्टा?" अजून काठीशिवाय चालत नाहीत.

एजंटला हे सांगितलं तर म्हणाला, "कुठे कागदावर नाही ना? मग ‘नाही’ लिहा. ‘हो’ म्हटलं की हप्ता वाढतो."

मी ‘नाही’ लिहिलं. वाद घालायचं त्राणच नव्हतं. की नुसतं निमित्त?

तो गुडघा काही डोक्यातून जात नाही. दहा दिवसांवरचं हे लग्न मावशींच्याच नातीचं आहे. मंडप आमचाच हवा, म्हणून त्याच हटून बसल्या होत्या.